सागाचं रान आणि फिल्मवरचा हिरवा

बुलडाणा-खामगाव रस्ता बोथ्याच्या जंगलातून जातो. जुलै सरता सरता तिथे साग, धावडा, सालई अशा काही भरतात, की एप्रिलमध्ये हेच रान करपलेलं होतं हे खरं वाटत नाही. २०१९ मध्ये टिपेश्वरचा एक वाघ सुमारे १३०० किलोमीटर चालून या ज्ञानगंगा अभयारण्यात आला, तेव्हापासून कॅमेरेवाल्यांना इथली झाडं दिसेनाशी झालीत, ते सोडा. फिल्मवर रान टिपायला येणारे अजून आहेत आणि प्रिंट हातात आल्यावर हिरमुसणारेही आहेत. रान हिरवंगार, फोटो मात्र राखाडी.

बिघाड बहुतेक वेळा फिल्मचा नसतो. सागाचं पान मोठं, पसरट, वरून खरखरीत. पाऊस पडून गेला की त्यावर ढगाळ आभाळाचा पांढरा चकाका बसतो. आपली नजर त्याच्याकडे काणाडोळा करते, फिल्म करत नाही. हिरवा रंग त्या चकाक्याखाली दबलेला असतो. तो मोकळा करायला पोलरायझर लागतो. माझी रीत साधी आहे: जवळचं एक पान व्ह्यूफाइंडरमध्ये धरायचं आणि कडी हळूहळू फिरवायची. पांढरेपणा ओसरून शिरा दिसायला लागल्या की थांबायचं. यात दीड-दोन स्टॉप उजेड जातो. लेन्समधून मोजणारा मीटर तो आपोआप धरतो. हातातल्या मीटरवर मोजत असाल तर हिशेब तुमचा तुम्ही करायचा.

वेल्विया ५० वर हिरवा भरगच्च येतो खरा, पण ५० आयएसओ, त्यात पोलरायझर आणि वर पावसाळी आभाळ! गर्द झाडीत एफ-८ ला सेकंदभराचं एक्स्पोजर सहज होतं. ट्रायपॉड हवाच, आणि वारा पडेपर्यंत थांबायची तयारीही. चार सेकंदांच्या पुढे गेलात तर या फिल्मचा रंग आपणहून हिरवट सरकतो, म्हणून कंपनीच फिका मॅजेंटा फिल्टर लावायला सांगते.

रंगीत फिल्मवर हिरवा फिल्टर लावायचा मोह मात्र आवरा. पानांबरोबर ढग, खोडं, सोबत्याचा चेहरा, सगळंच शेवाळल्यासारखं होतं. तो फिल्टर कृष्णधवल फिल्मसाठी. तिच्यावर झाडी डोळ्याला दिसते त्याहून काळपट उमटते. पिवळसर-हिरवा फिल्टर तिला उजळतो, साधारण दोन स्टॉप घेऊन. ढग उठावदार यावेत म्हणून लाल फिल्टर चढवलात, तर खालचं रान कोळशासारखं येईल.

मला खरा फटका बसला तो लॅबमध्ये. रंगीत निगेटिव्हचा रोल नीट धुतला गेला होता, पण प्रिंटमधला श्रावणातला साग दसऱ्यानंतरच्या सागासारखा तपकिरी-जांभळट. काउंटरवरचा म्हणाला, "पावसात असंच येते साहेब." पावसाचा काही संबंध नव्हता. फ्रेमभर हिरवंच दिसलं की यंत्राला वाटतं, रंग बिघडलाय. सरासरी राखाडी आणायला ते त्यात मॅजेंटा ओततं. तीच निगेटिव्ह दुसरीकडे हाताने रंग जुळवून घेतली, आणि रान परत आलं. तेव्हापासून रोलच्या पहिल्या फ्रेममध्ये त्याच उजेडातलं ग्रे कार्ड घेतो आणि पाकिटावर ठळक लिहितो: ऑटो करेक्शन बंद. जमल्यास लॅबवाल्याशी आधी बोलावं. निगेटिव्हला एखादा स्टॉप जास्त उजेड दिलेला चालतो, सावलीतला हिरवा त्याने सुटा होतो. स्लाइडला तसं करू नका, उजळ पानं धुऊन निघतील.

लोणारला हे सगळं आणखी मजेशीर होतं. विवराच्या उतारावर झाडीचा हिरवा, खाली सरोवरात शेवाळाचा. पोलरायझर फिरवला की पाण्यावरचं आभाळ पुसलं जाऊन आतला हिरवा दिसतो. पण पानं आणि पाणी एकाच कोनाला साधतील असं नाही. मी पानांच्या बाजूने कौल देतो.

जायचं तर पोळ्याच्या आत जा. अभयारण्यात पावसाळ्यात कुठवर सोडतात, ते वन विभागाकडे आधी विचारून घ्या. पोळ्यानंतर सागावर अळी पडते, शिरा तेवढ्या सोडून पानाची जाळी करते, आणि लांबून अख्खा डोंगर गंजल्यासारखा दिसतो. तेव्हा पोलरायझर, वेल्विया काही कामाचं नाही. मी त्या दिवसांत कृष्णधवल रोल भरतो आणि ऊन मागून घेतो.