विद्यापीठाचे विज्ञानोद्यान आणि औषधी निर्माता

प्रास्ताविक

‘सायन्स पार्क’ अर्थात विज्ञानोद्यान म्हणजे सहलीचे प्रेक्षणीय स्थळ नव्हे. विद्यापीठाने आपल्या मालकीच्या जमिनीवर, प्रयोगशाळांच्या सान्निध्यात, संशोधनाधिष्ठित उद्योगांना जागा द्यावी आणि विद्वान व उद्योजक यांच्यात ज्ञानाची देवाणघेवाण घडावी, अशी ही योजना असते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचेही असे विज्ञान व तंत्रज्ञान उद्यान आहे. एखादा कल्प घेऊन अशा संस्थेकडे जाऊ इच्छिणाऱ्या फार्मसीचालकाने या योजनेचे मर्म आधी जाणून घेतले पाहिजे. त्यासाठी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे उदाहरण पाहू.

आरंभ

लेलँड व जेन स्टॅनफर्ड या दांपत्याने १८८५ मध्ये विद्यापीठासाठी जमीन दान केली. मात्र ती कधीही विकू नये, अशी अट घातली. दुसऱ्या महायुद्धानंतर विद्यापीठाकडे ८,००० एकरांहून अधिक भूमी होती; पैसा मात्र अपुरा होता. विक्री अशक्य असल्याने दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याचा मार्ग निघाला. १९५१ मध्ये पालो अल्टो नगराच्या सहकार्याने औद्योगिक उद्यान स्थापन झाले. पुढे त्यास ‘स्टॅनफर्ड रिसर्च पार्क’ हे नाव मिळाले. अभियांत्रिकीचे अधिष्ठाता फ्रेडरिक टर्मन यांनी विद्यापीठाच्या संशोधनाशी संबंध ठेवू शकतील अशाच उद्योगांना तेथे आणण्याचा आग्रह धरला. व्हेरियन ही पहिली कंपनी. आज सुमारे ७०० एकर परिसरात दीडशेच्या आसपास कंपन्या आहेत.

दोन वनस्पती, दोन कंपन्या

या उद्यानाच्या इतिहासातील दोन कंपन्या वैद्यांना विशेष उद्बोधक वाटतील.

पहिली सिंटेक्स. आपल्या वाराहीकंदाच्या, म्हणजे डायोस्कोरिया या प्रजातीतील मेक्सिकन कंदांपासून डायोस्जेनिन मिळते. त्यापासून प्रोजेस्टेरॉन बनविण्याची रीत रसेल मार्कर यांनी शोधली व १९४४ मध्ये मेक्सिकोत ही कंपनी उभी राहिली. तेथेच १९५१ मध्ये कार्ल जेरासी व त्यांच्या सहकाऱ्यांनी नॉरएथिस्टेरॉन तयार केले. गर्भनिरोधक गोळीचा पाया त्यातून घातला गेला. जेरासी पुढे स्टॅनफर्डमध्ये रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९६० च्या दशकात सिंटेक्सचे संशोधन केंद्रही या उद्यानात आले. एकच व्यक्ती सकाळी वर्गात व दुपारी कंपनीच्या प्रयोगशाळेत जाऊ शकत होती. विज्ञानोद्यानाचे खरे सामर्थ्य या सान्निध्यात आहे.

दुसरी अल्झा. सिंटेक्समधून बाहेर पडलेले अलेहांद्रो झाफरोनी यांनी ती १९६८ मध्ये स्थापन केली. धत्तूरात आढळणारे स्कोपोलामिन हे द्रव्य जुनेच होते. अल्झाने ते त्वचेवर चिकटवावयाच्या पट्टीत अशा रीतीने बसविले की, त्याची नियत मात्रा तीन दिवस शरीरात जात राहावी. प्रवासातील मळमळीवर उपयुक्त अशा या पट्टीला अमेरिकेत १९७९ मध्ये मान्यता मिळाली. येथे द्रव्य नवे नव्हते; नवी होती ती योजना.

लाभाची वाटणी

स्टॅनफर्डने १९७० मध्ये तंत्रज्ञान परवाना कार्यालय काढले. तेथील प्रचलित नियमानुसार परवान्याच्या उत्पन्नातून कार्यालयाचा १५ टक्के वाटा व प्रत्यक्ष खर्च वजा केल्यावर उरलेली रक्कम संशोधक, त्याचा विभाग व त्याची विद्याशाखा यांत समप्रमाणात वाटली जाते. वाटणी आधीच ठरलेली असल्याने कलहाचे एक मोठे कारण मुळातच टळते.

या वाटणीत एक घटक मात्र आढळत नाही. मेक्सिकोच्या अरण्यात कंद खणणाऱ्या ग्रामस्थांना रास्त मोल मिळावे, यासाठी तेथील शासनाला १९७५ मध्ये स्वतंत्र सरकारी कंपनी काढावी लागली. तोवर औषध कंपन्या अन्य कच्च्या मालाकडे वळू लागल्या होत्या. वनौषधींवर जगणाऱ्या आपल्या व्यवसायाने हे विसरता कामा नये.

आपणांस बोध

पहिली गोष्ट म्हणजे, आपल्या परवान्यातील ‘पेटंट अँड प्रोप्रायटरी’ हा शब्दप्रयोग औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातील एक वर्गवारी आहे. त्यामुळे शोधावर मालकीहक्क मिळत नाही. ते एकस्व स्वतंत्रपणे मिळवावे लागते.

दुसरी गोष्ट, भारतीय एकस्व कायद्याच्या कलम ३(पी) नुसार पारंपरिक ज्ञानावर एकस्व मिळत नाही. जखम भरून येण्यासाठी हळदीच्या वापरावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेले एकस्व भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने पुरावे सादर केल्यावर १९९७ मध्ये रद्द झाले. म्हणून ग्रंथोक्त पाठ घेऊन प्रयोगशाळेत जाताना, त्यात आपले नवे काय, हे स्वतःस विचारावे. निर्मितीप्रक्रिया, प्रमाणीकरणाची रीत, देण्याचे माध्यम यांत खरी नवीनता असल्यासच हक्काचा विचार करता येतो.

तिसरी गोष्ट, नमुना हातावेगळा करण्यापूर्वी लेखी करार करावा. निष्कर्षांची मालकी कोणाची, ते केव्हा प्रसिद्ध होणार, गुप्तता कोण व किती काळ पाळणार आणि निष्कर्ष प्रतिकूल आल्यास काय, या चार प्रश्नांची उत्तरे त्यात असावीत. निष्कर्ष आधी प्रसिद्ध झाले, तर नवीनतेचा दावा बाधित होऊ शकतो. भारतीय वनस्पतीवर आधारलेल्या शोधासाठी जैवविविधता अधिनियम, २००२ व त्यातील २०२३ च्या दुरुस्तीनुसार कोणती पूर्तता लागते, तेही तज्ज्ञाकडून समजून घ्यावे.

उपसंहार

वैद्याचा अनुभव आणि विद्यापीठाचे मापन यांची गाठ पडणे हितावहच आहे. स्टॅनफर्डच्या दात्यांनी जमीन दिली, पण विकण्याची मुभा दिली नाही. त्या एका अटीतून ही सारी व्यवस्था उभी राहिली. आपणही ज्ञान खुल्या मनाने द्यावे, परंतु अटी आधी ठरवूनच.