अधू दृष्टी व अखंड साधना

आपल्या वाड्यावस्त्यांवर एखाद्या मुलाची दृष्टी गेली, किंवा भजनात मृदंग वाजवणाऱ्या एखाद्या वृद्धास डोळ्यांनी दिसेनासे झाले, म्हणजे घरची माणसे मोठ्या मायेने म्हणतात, "आता तू स्वस्थ बैस." या बोलण्यात दया आहे खरी, परंतु तिच्या पोटी एक अन्यायही आहे. ज्याचे डोळे गेले त्याचे काम आपण काढून घेतो, आणि काम गेले म्हणजे मनुष्य स्वतःला ओझे समजू लागतो. ही समजूत कितपत खरी आहे, हे आपल्याच कृष्णाकाठच्या एका थोर गायकाच्या चरित्रावरून पाहू.

१. अपघात

विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. परंतु हल्लीच्या सांगली जिल्ह्यातील पलूस गावावरून त्यांस पलुसकर म्हणू लागले. वडील कीर्तनकार असल्यामुळे गाणे मुलाच्या कानांवर लहानपणापासून पडत असे. बालपणी नरसोबाच्या वाडीस दत्तजयंतीच्या उत्सवात दारूकामातील एक फटाका त्याच्या तोंडाजवळ फुटला व दोन्ही डोळ्यांस इजा झाली. गावी योग्य उपचार नव्हते. दृष्टी अधू झाली आणि शाळेतील शिक्षण पुढे चालणे कठीण झाले.

येथेच "स्वस्थ बैस" असे कोणी म्हटले असते, तर ही कथा संपली असती.

२. मिरजेने काय दिले

मुलास उपचाराकरिता मिरजेस नेले. तेथे भडभडे नावाच्या वैद्यांनी त्याचे डोळे पाहिले, तसा त्याचा गळाही पारखला. जे गेले त्याचा हिशोब करून ते थांबले नाहीत. जे उरले होते त्याचीही त्यांनी किंमत केली. त्यामुळे मुलगा पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्यापाशी गाणे शिकू लागला. बुवांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली होती. मिरजेच्या अधिपतींचा आश्रयही विद्यार्थ्यास लाभला.

आता नीट विचार करा. डोळे गेले म्हणजे कान आपोआप तीक्ष्ण होतात, असे लोक म्हणतात. परंतु गाणे असे फुकट कोणास मिळत नाही. विद्या गुरूच्या मुखातून घ्यावी लागे. तोच स्वर, तीच तान शेकडो वेळा घोटावी लागे. ताल हातावर मोजावा लागे. पलुसकरांनी ही मेहनत वर्षानुवर्षे केली. मिरज हे तंबोरे करणाऱ्या कारागिरांचेही गाव आहे. भोपळा निवडताना व लाकूड कोरताना त्यांस डोळा लागतो. परंतु घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावताना अखेरचा निकाल कानच देतो. तोही कान वर्षांच्या सवयीने तयार झालेला असतो.

३. घेतलेले परत दिले

१८९६ साली पलुसकरांनी मिरज सोडले व देशभर प्रवास केला. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापिले. संगीतविद्या तोपर्यंत राजदरबारी व गुरुगृही असे. या शाळेत सामान्य लोकांच्या मुलांस ती मिळू लागली. १९०८ साली मुंबईस शाळा निघाली. पुढे कर्जापायी मुंबईची इमारत हातची गेली. तरी ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर असे शिष्य तयार झाले होते व त्यांनी काम पुढे नेले. पलुसकर २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेसच निवर्तले.

त्यांच्या कार्यातील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. पूर्वी चीज गुरूच्या गळ्यातच राहत असे. गुरू गेला की ती जाई. पलुसकरांनी स्वर व मात्रा कागदावर लिहिण्याची पद्धत बसवली आणि त्या पद्धतीने अनेक पुस्तके छापली. ज्याची स्वतःची दृष्टी अधू, त्याने गाणे इतरांच्या दृष्टीस आणून दिले!

असेच दुसरे उदाहरण फ्रान्स देशातील आहे. लुई ब्रेल तीन वर्षांचा असताना वडिलांच्या चामडीकामाच्या दुकानात त्याच्या डोळ्यास आरी लागली. विकार दुसऱ्या डोळ्यात पसरून तो पूर्ण अंध झाला. पुढे तो चर्चमध्ये बाजा वाजवू लागला. १८२९ साली त्याने बोटांनी वाचावयाच्या ठिपक्यांची लिपी छापून प्रसिद्ध केली. तिच्यात अक्षरांप्रमाणे संगीतही लिहिता येत होते. १९५१ पासून मराठी व इतर भारतीय भाषांसाठी याच ठिपक्यांची एकसारखी लिपी ठरली आहे.

कोणी म्हणेल, "गाणे कानाचे आहे, चित्रकाराने काय करावे?" फ्रान्समधील चित्रकार क्लोद मोने यांस मोतीबिंदू झाला, तेव्हा रंग ओळखणे अवघड झाले. त्यांनी रंगांची जागा ठरवून ठेवली व काम चालू ठेवले. १९२३ साली शस्त्रक्रिया झाली व त्यानंतरही ते चित्रे काढीत राहिले. गोधडी शिवणाऱ्या आजीस, बुरूडकाम करणाऱ्या आजोबांस हाच धडा उपयोगी आहे: प्रत्येक वस्तूची जागा ठरवा, हातास ओळख द्या.

४. उपचारात हयगय नको

परंतु साधनेच्या नावाखाली डोळ्यांची हेळसांड करू नये. पलुसकर मिरजेस आले त्या वेळी तेथे मिशनचे इस्पितळ नव्हते. डॉक्टर वॉन्लेस यांनी ते १८९४ साली उघडले. आज डोळ्यांचे उपचार पुष्कळ सुलभ झाले आहेत. मोतीबिंदूची दृष्टी शस्त्रक्रियेने बहुधा परत येते. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. म्हणून चाळिशीनंतर डोळे तपासून घ्यावेत. आपल्या भागात उसाचे पान डोळ्यास लागते; तेव्हा पाल्याचा रस घालू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. फटाक्यांजवळ मुलांस एकटे सोडू नये.

आणि उपाय चालून न आल्यास? तेव्हा भडभडे वैद्यांची आठवण ठेवावी. डोळे पाहणारे पुष्कळ असतात. गळाही पाहणारा एखादाच असतो. आपल्या वस्तीत तो एखादा आपण होऊ या.

अभ्यासासाठी प्रश्न

१. भडभडे वैद्यांनी मुलामध्ये काय पारखले? त्यामुळे काय घडले?
२. "डोळे गेले म्हणजे कान आपोआप तीक्ष्ण होतात" हे म्हणणे का अपुरे आहे?
३. गाणे कागदावर लिहिण्याच्या पद्धतीने कोणाचा लाभ झाला?
४. आपल्या मंडळीत ज्याची दृष्टी मंद झाली आहे, त्याचे कोणते काम आपण दयेपोटी काढून घेतले? ते त्यास परत कसे देता येईल?