खुडूक कोंबडीची एकवीस दिवसांची निगा

ज्या घरी चार-सहा गावठी कोंबड्या आहेत, त्या घरी नवी पिल्ले बहुधा यंत्रातून येत नाहीत. ती खुडूक कोंबडीच्या पंखांखालून येतात. गावठी कोंबडी वर्षातून साधारणतः तीन-चार वेळा अंड्यांवर येते, दर वेळी दहा-पंधरा अंडी देते आणि मग खुडूक होते. अंडी उबविण्याचे एकवीस दिवस आणि पिल्ले सांभाळण्याचे पुढील दोन-अडीच महिने ती अंडी देत नाही. म्हणून एक रवण वाया गेली म्हणजे केवळ दहा-बारा अंडी नासली, असा हिशेब करणे चुकीचे आहे. वर्षातील तीन-चार संधींपैकी एक संधी गेली, असा त्याचा खरा अर्थ आहे. ही हानी बहुतेक घरांत गृहिणीची असते. सणासुदीचा खर्च, मुलांच्या वह्या, दुखण्याखुपण्याचे औषध यांसाठी तिच्या हाती जो थोडा पैसा असतो, तोच कमी होतो.

अंडी फुटली नाहीत की दोष कोंबडीला, दृष्टीला किंवा मुहूर्ताला दिला जातो. वस्तुतः अंडी उबविण्याची कला कोंबडीला उपजत येते. ऊब देणे, अंडी दिवसातून अनेकदा परतविणे, कडेची अंडी मध्ये घेणे ही कामे ती कोणी न शिकविता करते. परंतु काही गोष्टी तिला करता येत नाहीत. चांगली अंडी निवडणे, अंगावरील उवा घालविणे, घरट्याजवळ दाणापाणी आणणे आणि मुंगूस-मांजराला अडविणे ही चार कामे पाळणाऱ्याची आहेत. कोंबडीचे काम कोंबडीला करू द्यावे व आपले काम आपण चुकवू नये, एवढे पथ्य पाळले तर रवण सहसा वाया जात नाही.

खरी खुडूक कशी ओळखावी?

खुडूक कोंबडी अंडी घातल्यावर घरटे सोडीत नाही. हात जवळ नेला की पिसे फुलविते, चोच मारते व ‘खुडुक खुडुक’ असा आवाज करते. तिचे खाणे कमी होते, तुरा फिका पडतो आणि छातीची पिसे झडून तेथील कातडी उघडी व गरम लागते. ही उघडी कातडीच अंड्यांना ऊब पोहोचविते.

ही चिन्हे दिसताच त्याच दिवशी सर्व अंडी तिच्याखाली घालू नयेत. प्रथम दोन-तीन टाकाऊ अंडी ठेवून दोन दिवस पाहावे. रात्रीही ती जागेवर बसून राहिली तर तिचा भरवसा धरावा. कोंबडी निरोगी, अंगाने भरलेली व शांत स्वभावाची असावी. पूर्वी पिल्ले काढलेली असल्यास उत्तम. पांढरी लेगहॉर्न जात अंड्यांसाठीच निवडीने वाढविलेली असल्याने ती क्वचितच खुडूक होते. कडकनाथ कोंबड्याही बसण्यात कच्च्या असतात. अशा कोंबड्यांची अंडी गावठी कोंबडीखाली उबवून घ्यावीत.

घरात किंवा शेजारी कोंबड्या एकाएकी मरत असतील तर रवण मुळीच घालू नये. महाराष्ट्रात २००६ साली नवापूर (जि. नंदुरबार) येथे बर्ड फ्लूचा उद्रेक झाला होता, हे विसरू नये. अशा वेळी मेलेल्या पक्ष्यांना हात न लावता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे.

अंड्यांची निवड

कोंबडी कितीही चांगली असली तरी अंड्यात बीज नसेल तर पिल्लू निघणार नाही. कळपात दर आठ-दहा माद्यांमागे एक निरोगी नर असावा. नर नव्याने सोडला असेल तर आठ दिवसांनंतरची अंडी घ्यावीत. दुकानातील पांढरी अंडी नर न ठेवणाऱ्या फार्मची असतात. ती उबविण्यास घेणे व्यर्थ आहे.

अंडी मध्यम आकाराची, गुळगुळीत व जाड कवचाची असावीत. अगदी लहान, फार मोठी, लांबट, अगदी गोल, तडा गेलेली किंवा मळलेली अंडी बाजूला काढावीत. अंडी धुऊ नयेत. धुण्याने कवचावरील नैसर्गिक थर निघून जातो व रोगजंतू आत शिरतात.

अंडी जितकी ताजी, तितकी पिल्ले अधिक. थंडीच्या दिवसांत सात दिवसांपर्यंतची आणि उन्हाळ्यात तीन-चार दिवसांपर्यंतचीच अंडी घ्यावीत. हवेचे तापमान सुमारे २७ अंश सेल्सिअसच्या वर गेले की कोंबडी न बसताही गर्भाची अर्धवट वाढ सुरू होते व तो गर्भ पुढे मरतो. चुलीजवळ, पत्र्याखाली किंवा कपाटावर साठविलेली अंडी याच कारणाने वाया जातात. ओल्या वाळूवर ठेवलेल्या मातीच्या मडक्यात थोडा भुसा घालून, रुंद टोक वर करून अंडी ठेवावीत व मडक्याचे तोंड पातळ फडक्याने झाकावे. फ्रिजमध्ये ठेवलेली अंडी रवणीसाठी वापरू नयेत.

गावठी कोंबडीखाली दहा ते बारा अंडी पुरेत. मावतील तेवढी अंडी घालण्याचा मोह टाळावा. कडेची अंडी पंखाबाहेर राहून थंड होतात, आणि कोंबडी त्यांची जागा सतत बदलीत असल्यामुळे आज एक तर उद्या दुसरे असे करीत अनेक अंडी बिघडतात. थंडीत एक-दोन अंडी कमीच ठेवावीत.

घरटे व जागा

घरट्यासाठी बांबूची पसरट पाटी किंवा मातीचे उथळ भांडे घ्यावे. तोंड सुमारे दीड फूट रुंद व खोली अर्धा फूट असावी. पत्र्याचे घमेले उन्हाळ्यात तापते व थंडीत गारठते, म्हणून ते टाळावे. तळाशी तीन-चार बोटे कोरडी माती किंवा वाळू घालून मध्ये किंचित खोलगट करावी. त्यावर थोडी चाळलेली राख पसरून वर मऊ पेंढा किंवा वाळलेले गवत अंथरावे. खोलगटपणा बेताचा असावा. फार झाल्यास अंडी एकमेकांवर चढून फुटतात आणि सपाट राहिल्यास बाहेर घरंगळतात.

जागा अंधारी, हवेशीर व शांत असावी. इतर कोंबड्या तेथे जाऊ नयेत. त्या त्याच घरट्यात नवी अंडी घालतात व पुढे कोणते अंडे कोणत्या दिवसाचे हे कळेनासे होते. म्हणून ठेवलेल्या प्रत्येक अंड्यावर कोळशाने किंवा पेन्सिलीने खूण करावी. बिनखुणेचे अंडे दिसले की त्याच दिवशी काढून घ्यावे. रात्री घरट्यावर डाले पालथे घालून वर दगड ठेवावा, म्हणजे मांजर, मुंगूस व घूस यांची भीती राहत नाही. मुंग्यांचा उपद्रव असल्यास पाटी चार विटांवर ठेवून भोवती राखेचे कडे करावे.

उवांचा बंदोबस्त

कोंबडी अर्ध्यावर घरटे सोडून उठते, याचे एक मोठे कारण उवा, गोचीड व रक्त शोषणारे बारीक तांबडे किडे हे होय. इतर वेळी कोंबडी धुळीत लोळून त्यांचा निकाल लावते. रवणीत तिला तेवढी फुरसत नसते आणि घरट्याची ऊब किड्यांना मानवते. म्हणून बसविण्यापूर्वी पंखांखाली, मानेवर व शेपटीच्या बुडाशी पिसे उलटी करून पाहावे. किडे दिसल्यास पशुवैद्यकाच्या सल्ल्याने योग्य पावडर लावावी. एका वेळेने लिखा मरत नाहीत, यास्तव साधारण दहा दिवसांनी पुन्हा पाहावे. जुने अंथरूण जाळून टाकावे व पाटी कडक उन्हात तापवावी.

जुन्या काळी यासाठी गॅमेक्झिन पावडर सर्रास वापरीत. त्यातील लिंडेन या विषाच्या वापरास २०१३ पासून भारतात बंदी आहे. पिकांवर फवारण्याची औषधेही कोंबडीच्या अंगाला लावू नयेत. कोंबडीला व खाणाऱ्यालाही त्यापासून अपाय होतो.

बसविण्याची वेळ

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ रवणीस उत्तम. एप्रिल-मे महिन्यांत, विशेषतः विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात, अंडी बिघडतात व पिल्ले दगावतात. पावसाळ्यातील ओलीने पिल्लांत रोग बळावतात.

कोंबडीस संध्याकाळी बसवावे, म्हणजे रात्रभरात ती नव्या जागेशी रुळते. सर्व अंडी एकाच वेळी ठेवावीत. रोज एक-एक वाढवू नये. शक्य असल्यास शेजारच्या घरांतील दोन-तीन कोंबड्या एकाच दिवशी बसवाव्यात. पुढे वांझ अंडी काढल्यावर उरलेली अंडी दोघींखाली एकत्र करता येतात व तिसरी कोंबडी मोकळी होते. बसविल्याची तारीख भिंतीवर किंवा दिनदर्शिकेवर लिहावी.

रोजचे दाणापाणी

रवणीतील कोंबडी नेहमीपेक्षा फारच कमी खाते व वजनाने घटते. तिची फार उपासमार झाली तर ती घरटे सोडते, अथवा पुढे पुन्हा अंड्यांवर येण्यास बराच काळ घेते. यास्तव ज्वारी, मका, बाजरी किंवा तांदळाची कणी मूठ-दोन मूठ आणि स्वच्छ थंड पाणी घरट्याजवळच ठेवावे. कोरड्या दाण्याने विष्ठा घट्ट राहते व घरटे घाण होत नाही; ओला कोंडा या दिवसांत देऊ नये. बांगलादेशातील खेड्यांत मातीच्या घरट्यालाच दाण्याची व पाण्याची वाटी जोडतात. त्यास तेथे ‘हाजल’ म्हणतात. ही युक्ती आपल्याकडेही सहज करता येईल.

दिवसातून एकदा कोंबडी स्वतःहून उठते, खाते, विष्ठा टाकते, धुळीत लोळते आणि पंधरा-वीस मिनिटांत परत येते. एवढ्या अवधीत अंडी बिघडत नाहीत. ती उठतच नसेल, तर सकाळी थंड वेळी पंखांखाली अंडे अडकलेले नाही ना हे पाहून तिला दोन्ही हातांनी हळूच उचलून दाण्याजवळ ठेवावे. घरट्यात अंडे फुटले असल्यास याच वेळी घाण झालेला पेंढा बदलावा. याखेरीज अंड्यांना वरचेवर हात लावू नये.

अंडी उजेडावर पाहणे

सातव्या दिवशी रात्री पुठ्ठ्याच्या डब्यास रुपयाएवढे भोक पाडून आत विजेरी ठेवावी व भोकावर अंड्याचे रुंद टोक धरावे. आत काळसर ठिपका व त्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसल्यास गर्भ जिवंत आहे. अंडे स्वच्छ, निर्मळ दिसल्यास ते वांझ आहे. शिरा नसून केवळ तांबडे कडे दिसल्यास गर्भ मेलेला आहे. वांझ व मेलेली अंडी काढून टाकावीत. ती राहिल्यास नासून फुटतात व चांगल्या अंड्यांचा नाश करतात. चौदाव्या दिवशी पुन्हा एकदा पाहावे. जिवंत अंडे आता रुंद टोकाची पोकळी सोडून बहुतेक काळे दिसते.

शेवटचे तीन दिवस

अठराव्या दिवसानंतर घरट्यास हात लावू नये. हवा फार कोरडी असल्यास पाटीच्या कडेची माती किंचित ओलसर करावी, अंडी भिजवू नयेत. कवचास चोचीचे पहिले भोक पडल्यापासून पिल्लू बाहेर येईपर्यंत बारा ते चोवीस तास लागू शकतात. या काळात पिल्लू पिवळा बलक पोटात ओढून घेत असते व कवचातील शिरांचे रक्त आटत असते. घाईने कवच सोलल्यास रक्तस्राव होऊन पिल्लू मरते. दया म्हणून केलेली ही मदत पिल्लाच्या जिवावर बेतते.

पोटातील बलकावर पिल्लू सुमारे दोन दिवस तग धरते. म्हणून पहिली पिल्ले निघताच कोंबडीला उठवू नये. मागाहून फुटणाऱ्यांसाठी तिला आणखी एक दिवस बसू द्यावे. मग उथळ ताटलीत खडे टाकून पाणी, तसेच बारीक कणी किंवा मक्याचा भरडा द्यावा. पाचव्या ते सातव्या दिवशी राणीखेत (मानमोडी) रोगाची लस डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून द्यावी. एकवीस दिवसांची मेहनत एका साथीत जाऊ नये, यासाठी हा थेंब आवश्यक आहे.

न फुटलेली अंडी काय सांगतात?

बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी उरलेली अंडी न फोडता उकिरड्यावर फेकू नयेत. घरापासून दूर फोडून पाहावीत, मग खोल पुरावीत व हात साबणाने धुवावेत.

१. अंडे आतून स्वच्छ असल्यास त्यात बीज नव्हते. नर म्हातारा, आजारी किंवा अपुरा आहे काय ते पाहावे.
२. तांबडे कडे किंवा अगदी लहान मेलेला गर्भ असल्यास अंडी शिळी होती किंवा उन्हाने तापली होती. साठवण सुधारावी.
३. मधल्या काळात मेलेला गर्भ असल्यास कोंबडी बराच काळ घरट्याबाहेर होती. उवा, भूक किंवा वर्दळ यांपैकी कारण शोधावे.
४. पूर्ण वाढलेले पण कवचातच मेलेले पिल्लू असल्यास शेवटच्या दिवसांत ढवळाढवळ, उष्मा किंवा अति कोरडी हवा हे कारण संभवते.

रवण नको असेल तेव्हा

पिल्ले नको असतील तर खुडूक कोंबडीस जाळीच्या तळाच्या हवेशीर पिंजऱ्यात, भरपूर दाणापाणी देऊन चार-पाच दिवस ठेवावे. पोटाखालून वारा लागला की खुडूकपणा जातो. काही ठिकाणी नाकात पीस खुपसतात किंवा कोंबडीला पाण्यात बुडवितात. हे क्रूर आहे व अनावश्यकही आहे.

कार्यकर्त्यांस सूचना

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी व पशुसखींनी ही माहिती केवळ वाचून दाखवू नये. गावातील एका घरी रवण बसवून, सातव्या दिवशी रात्री शेजारच्या स्त्रियांना बोलावून अंडी उजेडावर दाखवावीत. जिवंत अंड्यातील शिरा एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर दृष्ट व मुहूर्त यांची चर्चा आपोआप मागे पडते. प्रत्येक घरी ठेवलेली अंडी, वांझ अंडी, निघालेली पिल्ले आणि महिन्याअखेर जगलेली पिल्ले हे चार आकडे लिहून ठेवण्यास सांगावे. दोन-तीन रवणींचे आकडे शेजारी शेजारी ठेवले की नुकसान नेमके कोठे होते, हे त्या घरच्या गृहिणीस स्वतःच कळेल, आणि पुढच्या रवणीपूर्वी ते दुरुस्त करणेही तिच्याच हाती राहील.