चंद्रावरील उपकरणे आणि लोणारचे विवर
(इयत्ता सातवीच्या सामान्यविज्ञानासाठी पाठाचे टिपण)

उद्देश.— चंद्रावर पाठविलेली यंत्रे तेथे काय मोजतात व कसे मोजतात, हे विद्यार्थ्यांस साध्या प्रयोगांवरून समजावे. मोहिमांची नावे व तारखा मुखोद्गत झाल्या म्हणजे पाठ झाला, असे मानू नये.

साहित्य.— प्रयोगशाळेतील दोन तापमापके (ताप पाहण्याचे वैद्यकीय तापमापक येथे चालणार नाही), स्पिरिटचा दिवा, मीठ, लोखंडी तार, लांब बाक आणि काळ्या दगडाचा एक तुकडा.

प्रस्तावना.— आपल्या जिल्ह्यातील लोणारचे विवर विद्यार्थ्यांनी पाहिलेले किंवा ऐकलेले असते. लवणासुराची कथाही त्यांना ठाऊक असते. ती कथा वर्गात अवश्य सांगू द्यावी आणि मग विचारावे, “हे विवर आकाशातून पडलेल्या अशनीच्या आघाताने झाले, हे शास्त्रज्ञांनी कशावरून ठरविले?” विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. पण केवळ गोल आकार हा पुरावा नव्हे. ज्वालामुखीची मुखेही गोल असतात. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हा प्रश्न निकालात काढला. प्रचंड दाबाखाली दगडातील स्फटिकांची काच झालेली तेथे आढळली, आणि असा दाब ज्वालामुखीत निर्माण होत नाही. तात्पर्य, दगड बोलतो. मात्र त्याला प्रश्न विचारणारे उपकरण लागते.

विषयविवेचन.— चंद्रावर दिसणारे काळसर डाग म्हणजे लोणारच्या दगडासारखाच बेसॉल्ट, अर्थात थिजलेला लाव्हा होय. उजळ भाग मात्र अॅनॉर्थोसाइट नावाच्या फिकट खडकाचा आहे. भारताचे चंद्रयान-३ दिनांक २३ ऑगस्ट २०२३ रोजी दक्षिण गोलार्धात सुमारे ६९ अंश अक्षांशावर उतरले, ते अशा उजळ भूमीवर. म्हणूनच यानाच्या चाचण्यांसाठी तामिळनाडूतील सित्तमपुंडी येथील फिकट खडकापासून कृत्रिम चांद्रमाती तयार करण्यात आली होती. “विक्रम लोणारसारख्या जमिनीवर उतरला” असे विधान वर्गात होऊ देऊ नये. उपमा जेथे लागू पडते तेथेच द्यावी.

प्रयोग पहिला : उष्णता.— शाळेच्या अंगणात ऊन पडणारी कोरडी, भुसभुशीत जागा निवडावी. सकाळी काडीने आठ सेंटिमीटर खोल भोक पाडून त्यात एक तापमापक हलकेच सोडावे व भोवती माती सारावी. काचेचे तापमापक जमिनीत दाबू नये. दुसऱ्याचा फुगा मातीच्या पातळ थराखाली ठेवावा. दोन्हींची नोंद दर तासाला घेऊन आलेख काढावा. विक्रमवरील ‘चास्टे’ या उपकरणाने हेच केले. दहा संवेदक बसविलेली सळई त्याने यंत्राच्या साहाय्याने जमिनीत खुपसली. पृष्ठभागावर ५० अंश सेल्सियसच्या पुढे, तर अवघ्या आठ सेंटिमीटर खोलीवर उणे १० अंशांच्या आसपास तापमान आढळले. कारण, तेथे हवा नाही आणि पिठासारख्या सैल धुळीतून उष्णता फार सावकाश जाते. अंगणातील फरक इतका मोठा का नसतो, हे विद्यार्थ्यांनीच शोधावे.

प्रयोग दुसरा : प्रकाशावरून पदार्थ.— ओल्या तारेला मीठ लावून ती ज्योतीत धरावी. ज्योत पिवळी होते. ती मिठातील सोडियमची खूण होय. सव्वीस किलो वजनाच्या प्रज्ञान गाडीवरील ‘लिब्ज’ या उपकरणाने लेसरच्या तीव्र झोताने मातीचा कण तापवून त्यातून निघणारा प्रकाश तपासला. त्यात अॅल्युमिनियम, कॅल्शियम, लोह यांबरोबर गंधकही आढळले. दुसरे उपकरण मातीवर किरणांचा मारा करून परत येणाऱ्या क्ष-किरणांवरून मूलद्रव्ये ओळखत होते. एकाच प्रश्नासाठी दोन रीती का, हे विचारावे. एका साक्षीदारापेक्षा दोघांची साक्ष एकमेकांशी जुळणे अधिक विश्वासाचे, हे उत्तर विद्यार्थ्यांकडून यावे.

प्रयोग तिसरा : कंप.— एका विद्यार्थ्याने बाकाला कान लावावा, दुसऱ्याने दुसऱ्या टोकाला नखाने टिचकी मारावी. विक्रमवरील कंपमापकाने प्रज्ञानच्या चालण्याचे कंपही टिपले. जमिनीच्या पोटात काय आहे, हे न खणता अशा कंपांवरून अजमावता येते.

अपयशाचा पाठ.— दिनांक ७ सप्टेंबर २०१९ रोजी चंद्रयान-२ चा विक्रम उतरताना नष्ट झाला. हा भाग गाळू नये. पुढील यानाचे पाय अधिक मजबूत करण्यात आले, इंधन वाढविले गेले, वेग मोजणारे नवे लेसर-उपकरण बसविले गेले आणि उतरण्याची जागा विस्तीर्ण ठेवण्यात आली. चंद्रयान-२ चे परिभ्रमण करणारे यान शाबूत राहिले होते. त्याच्या छायाचित्रांचा उपयोग नवी जागा निवडताना झाला. गणित चुकलेल्या मुलाची पाटी पुसून टाकण्यापूर्वी चूक कोणत्या पायरीवर झाली हे त्याला पाहू द्यावे. शाळेत याहून मोठा विज्ञानाचा संस्कार नाही.

शिक्षकांसाठी सूचना.— लोणारचे वय काही पुस्तकांत सुमारे पन्नास हजार वर्षे, तर २०१० नंतरच्या संशोधनात सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षे दिलेले आढळेल. विद्यार्थ्याने हा फरक दाखविल्यास त्यास गप्प करू नये. दोन्ही आकडे निरनिराळ्या मापनपद्धतींनी आले आहेत, हे सांगावे. आकड्यामागील रीत विचारण्याची सवय हेच या पाठाचे फळ होय. सहल नेल्यास विवरातील दगड वा क्षार उचलू देऊ नये. २०२० पासून हे सरोवर आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे पाणथळ स्थळ म्हणून नोंदलेले आहे. दगड जागेवर राहिला तरच पुढील पिढीला त्याला नवा प्रश्न विचारता येईल.

स्वाध्याय.— (१) चंद्रावरील मातीच्या वरच्या थरातील व खालच्या तापमानात एवढा फरक का पडतो? (२) लोणार ज्वालामुखीचे मुख नव्हे, याचा पुरावा सांगा. (३) आपल्या गावच्या विहिरीजवळ एक उपकरण ठेवावयाचे झाल्यास त्याने काय मोजावे, व त्या मापाचा गावाला काय उपयोग होईल, हे दहा ओळींत लिहा. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे वर्गात वाचून दाखवावीत. २३ ऑगस्ट हा राष्ट्रीय अंतराळ दिन असल्याने त्या दिवशी ती गावकऱ्यांसमोर वाचल्यास अधिक चांगले.