हात थरथरतो, सही जुळत नाही: आई-वडिलांच्या खात्याचे काय?

चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरियात नोकरीधंद्यासाठी येऊन स्थिरावलेले मराठी खातेदार आमच्या काउंटरवर एक प्रश्न हमखास विचारतात. गावी एकट्याने राहणे झेपेना म्हणून आईला किंवा वडिलांना इकडे आणले. पासबुक, पेन्शन, मुदत ठेव मात्र साताऱ्याला नाहीतर लातूरलाच राहिली. आता अर्धांगवायूने उजवा हात गेला आहे, किंवा कंपवातामुळे सही दर वेळी वेगळी येते. पैसे आहेत, पण काढायचे कसे?

आधी एक गैरसमज दूर करू. "मी नॉमिनी आहे, मला द्या" असे म्हणून खूपजण येतात. नॉमिनीचा संबंध खातेदाराच्या मृत्यूनंतर येतो. खातेदार हयात असताना, मग तो अंथरुणाला खिळलेला का असेना, नॉमिनीला एक रुपयाही काढता येत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतही (एससीएसएस) संयुक्त खाते फक्त पती-पत्नीचे होते, मुलाचे नाव त्यात घालता येत नाही.

सही जमत नाही म्हणून पैसे अडून राहत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या सूचना याबाबत स्पष्ट आहेत. खातेदार सही करू शकत नसेल तर हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. तो दोन स्वतंत्र साक्षीदारांनी ओळखावा लागतो आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. ठसाही उमटवता येत नसेल तर स्लिपवर खातेदाराने केलेली एखादी खूणसुद्धा अशाच साक्षीने ग्राह्य धरतात. पैसे कोणाच्या हाती द्यायचे ते खातेदाराने सांगायचे. त्या व्यक्तीची ओळखही दोन साक्षीदार पटवतात आणि तिची सही घेतली जाते. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला हे माहीत नसेल तर शांतपणे शाखा व्यवस्थापकांकडे जा आणि लेखी अर्ज द्या.

शाखेत येणेच शक्य नसेल तर? ७० वर्षांवरील आणि दिव्यांग किंवा आजाराने हालचाल थांबलेल्या ग्राहकांना घरपोच सेवा द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने ९ नोव्हेंबर २०१७ च्या परिपत्रकात बँकांना सांगितले आहे. खात्यातली रोकड घरी पोचवणे, केवायसीची कागदपत्रे आणि हयातीचा दाखला घरून घेणे हे त्यात येते. शुल्क बँकेनुसार बदलते, ते आधी विचारा. हयातीचा दाखला पेन्शन देणाऱ्या बँकेच्या कोणत्याही शाखेत देता येतो. त्यासाठी आईला दोन दिवस रेल्वेत बसवून लातूरला नेऊ नका.

पण वरचे सगळे एका गोष्टीवर उभे आहे: खातेदाराला आपण काय करतो आहोत हे कळले पाहिजे. शरीर थकले तर मार्ग निघतो. स्मृतिभ्रंशाने किंवा मेंदूच्या झटक्याने समजच गेली, तर ठसा घेऊन भागत नाही. वडिलांनी दिलेले मुखत्यारपत्रही तिथे उपयोगी पडत नाही, कारण देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की भारतीय करार कायद्याप्रमाणे ते संपते. मग न्यायालयातून पालक नेमून आणावा लागतो. त्यात वेळ जातो, वकिलाचा खर्च होतो आणि औषधाचे बिल तोवर थांबत नाही. घरोघरी वडिलांचे एटीएम कार्ड मुलगाच वापरतो, हे आम्हालाही दिसते. ते नियमात बसत नाही आणि टिकतही नाही. कार्डाची मुदत संपली किंवा केवायसी पुन्हा करायची वेळ आली की गाडी तिथेच अडते.

म्हणून आई-वडिलांना समजते आहे तोवर त्यांच्या इच्छेने बचत खाते संयुक्त करा आणि 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला' अशी सूचना नोंदवा. भावंडांना आधी सांगा. पुढची निम्मी भांडणे तिथेच मिटतात. मुदत ठेवीत मात्र एक मेख आहे. अशी सूचना असली तरी ठेव मुदतीआधी मोडायची झाल्यास दोघेही हयात असताना दोघांच्या सह्या लागतात. मुदत संपल्यावर मात्र एकाची सही पुरते. तेव्हा तीन लाखांची एकच पाच वर्षांची ठेव ठेवण्यापेक्षा ५०,००० च्या सहा ठेवी करा, दर दोन महिन्यांनी एक पिकेल अशा. व्याज किंचित कमी मिळेल, पण दवाखान्याच्या खर्चाला रक्कम हाताशी राहील.

आता बाहेरून मिळणारी मदत. तिथे आपली माणसे एका कागदावाचून मागे राहतात. "आई दिव्यांग थोडीच आहे, वय झालंय," असे म्हणत कोणी प्रमाणपत्र काढत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. कमी दृष्टी, श्रवणदोष, कंपवात त्यात आहेत, आणि अर्धांगवायूने आलेले पंगुत्व चलनवलनाच्या दिव्यांगत्वात मोडते. वय कितीही असो, तपासणीत ४० टक्के किंवा अधिक भरले की बरेच दरवाजे उघडतात. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा. प्रमाणपत्र देशभर चालते.

पैशांत फरक किती पडतो? महाराष्ट्रात ६५ वर्षांवरील निराधारांना श्रावणबाळ योजनेत दरमहा १,५०० रुपये मिळतात. लाभार्थी दिव्यांग असेल तर सप्टेंबर २०२५ च्या निर्णयानुसार ही रक्कम २,५०० आहे. एका कागदाने वर्षाला १२,००० रुपयांचा फरक. पण ही योजना महाराष्ट्रात राहणाऱ्यांसाठी आहे, हे आईला कायमचे इकडे आणण्याआधी लक्षात घ्या. मुलालाही फायदा आहे. जुन्या करप्रणालीत असाल तर अवलंबून असलेल्या दिव्यांग आई-वडिलांसाठी कलम ८०डीडीखाली ७५,००० रुपयांची, आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळते.

राज्य बदलले तरी सोबत येणाऱ्या गोष्टीही आहेत. ७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत रुग्णालयातले उपचार मिळतात. भविष्य निर्वाह निधीची पेन्शन जानेवारी २०२५ पासून देशातल्या कोणत्याही बँकेत घेता येते. आणि कारखान्यातून निवृत्त झालेल्यांसाठी एक जवळपास विसरलेली सवलत: किमान पाच वर्षे ईएसआयचा विमा असलेल्या निवृत्त कामगाराला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. ईएसआयचे रुग्णालय इथे रामदरबारलाच आहे. वडिलांचा जुना विमा क्रमांक शोधून ठेवा. तो बहुधा गावच्या घरी, पगाराच्या जुन्या पावत्यांवर सापडेल.