सुट्टे गेले, तोंडी हिशेब जाऊ नये

मुरबाड तालुक्यातलं आपलं धसई १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. नोटाबंदीला तेव्हा महिनाही झाला नव्हता. दुकानांत कार्डाची मशीन आली, पुढे तर सगळीकडेच मोबाईलवर पैसे देणं सुरू झालं. सोय झाली, नाही कशाला म्हणा. पण सुट्टे मोजण्याचा मुलांचा रोजचा सराव मात्र गेला.

जुने दुकानदार बाकी कशी द्यायचे आठवतंय? माल ६३ रुपयांचा, नोट शंभराची. ते वजाबाकी करत बसत नसत. ६३ वर ७ ठेवले की ७०, आणखी ३० ठेवले की शंभर. बाकी ३७. हातच्याची भानगडच नाही! मला विचाराल तर दुसरी-तिसरीला ही रीत आधी द्यावी, उभी मांडणी नंतर.

आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, सवायकी पाठ असायची. ती घोकून घ्या असं मी म्हणत नाही, त्यातली युक्ती घ्या. कांदे २४ रुपये किलो, घेतले सव्वा किलो. २४ चा पाव ६, मिळून ३०. ज्याला हे मनात जमतं त्याला मोबाईलवर चुकून टाकलेले ३०० लगेच खटकतात. कॅल्क्युलेटरला ते खटकत नाहीत.

तेव्हा पालकांनो, बाजारात कोड स्कॅन करण्याआधी मुलाला विचारा, "किती झाले रे?" वेळ लागला तर थांबा. चुकलं तर उत्तर सांगू नका, "कसं काढलंस?" एवढंच विचारा. मागचं गिऱ्हाईक जरा खोळंबलं तरी चालेल.