बी राखावे, वाण टिकवावा

मिरचीवाचून भारतीय स्वयंपाकाची कल्पना करणे आज अवघड आहे. तथापि हे पीक मूळचे अमेरिका खंडातील. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ते भारतात आले व हळूहळू देशभर पसरले. ठिकठिकाणच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या उत्तम फळांचे बी निवडून ठेवले. त्यातून विदर्भातील भिवापुरी, कर्नाटकातील ब्याडगी, आंध्र प्रदेशातील गुंटूर सन्नम, गोव्यातील खोला आणि नागालँडमधील नागा मिरची असे वाण नावारूपाला आले. या पाचही वाणांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

या वाणांचे गुण निरनिराळे आहेत. सुरकुतलेली ब्याडगी गडद लाल रंगासाठी प्रसिद्ध असून तिचा तिखटपणा सौम्य असतो. नागा मिरची मात्र जगातील अतितिखट मिरच्यांत गणली जाते. हा तिखटपणा कॅप्सेसिन या द्रव्यामुळे येतो. ते बियांमध्ये तयार होते, असा समज आढळतो. प्रत्यक्षात ते बिया ज्या पांढऱ्या गराला चिकटलेल्या असतात, त्यात तयार होते.

मिरचीचे बी गादीवाफ्यावर ओळीत पेरतात. ते एक सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ नये. पाणी झारीने व बेताने द्यावे. ओल अधिक झाल्यास कोवळी रोपे बुडाशी कुजून कोलमडतात. उबदार हवेत बहुतेक वाणांचे बी ८ ते १० दिवसांत उगवते. नागा मिरचीला कधी तीन-चार आठवडेही लागतात. तेव्हा बी वाया गेले असे समजून वाफा उकरू नये. सुमारे सहा आठवड्यांनी रोपांची पुनर्लागवड करतात.

खरी कसोटी बी धरताना लागते. मिरचीचे फूल स्वपरागित असले, तरी मधमाश्या शेजारच्या वाणाचे पराग त्यावर आणतात. अशा संकराने त्या वर्षीच्या फळात फरक दिसत नाही. तो पुढील वर्षी त्या बियांपासून वाढलेल्या झाडांत प्रकटतो. म्हणून निरोगी झाडाच्या कळ्या उमलण्यापूर्वीच पातळ कापडाच्या पिशवीने झाकाव्यात. फळ धरल्यावर पिशवी काढून देठाला खुणेचा दोरा बांधावा. फळ झाडावरच पूर्ण पिकू द्यावे. मग त्याचे बी सावलीत वाळवून कोरड्या जागी ठेवावे.

बाजारातील संकरित बियाणे भरघोस उत्पन्न देते. परंतु त्याच्या फळांतील बी पेरल्यास पुढील पीक एकसारखे येत नाही. शेतकऱ्याला दर हंगामात नवे बियाणे विकत घ्यावे लागते. जुन्या वाणाचे बी मात्र घरचे असते. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ याने स्वतःच्या शेतातील बी राखण्याचा, पेरण्याचा व त्याची देवाणघेवाण करण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला आहे. परंतु गावात बी राखणारे कोणी उरले नाही, तर त्या हक्काचा उपयोग होणार नाही आणि वाणही लोप पावेल.

पाठगत प्रश्न
१. मिरचीचा संकर त्याच वर्षी का ओळखता येत नाही?
२. कळ्या पिशवीने झाकण्याचे कारण सांगा.
३. तुमच्या परिसरातील मिरचीच्या एका वाणाची माहिती पाच वाक्यांत लिहा.